अठ्ठ्याऐंशी नंबरचं होल्स्टर

माझ्या दुकानात जुनं होल्स्टर घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलतो. ते खोटं त्याचं स्वतःचं नसतं. घरातल्या कुणीतरी ते आधीच रचून ठेवलेलं असतं, हा बिचारा नुसता उचलून आणतो. "आमच्या पणजोबांचं आहे, बर्मातलं." "आमच्या चुलत्यांना गोऱ्या साहेबाने कमरेचं काढून दिलं." मी ऐकून घेते, चष्मा लावते आणि वस्तू उलटी करते.

होल्स्टर म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर कमरेला अडकवायची चामड्याची पिशवी. आमच्याकडे लोक सरसकट कव्हरच म्हणतात. ते पुढून बघण्यात अर्थ नसतो, पुढची बाजू सगळे पॉलिश करतात. मागची बाजू बघायची, जी मांडीला घासते. खरं वापरलेलं होल्स्टर मागून गुळगुळीत झालेलं असतं आणि खाली, नळीचं टोक जिथे टेकतं तिथे, आतून दबलेलं असतं. सायकलवर फिरणाऱ्या फौजदाराचं असेल तर बुडाशी एका बाजूने खरवडलेलं असतं. नाटक-सिनेमावाल्यांनी चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलेलं होल्स्टर सगळीकडून सारखंच म्हातारं असतं, तिथेच ते पकडलं जातं. आत कुठलं हत्यार राहत होतं तेही चामडं सांगतं. रिव्हॉल्वरचा गोल फिरता भाग चामड्याला कायमचा फुगवटा देतो, पिस्तुलाचं होल्स्टर सपाट राहतं. लष्कराच्या जुन्या मालावर बाणाचा छोटा शिक्का सापडतो, कधी कानपूरच्या सरकारी चामडे कारखान्याचं नाव आणि साल. पोलिसांच्या मालावर जिल्ह्याची अक्षरं आणि नंबर ठोकलेला असतो. मशीनची शिवण सरळसोट पळते, हाताची जरा तिरकी बसते.

हे सगळं मला वडिलांनी शिकवलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आज त्यांच्याच जागेवर बसून मी बॅगा, पट्टे, बूट दुरुस्त करते. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, तोंडात अजून नगरच आहे. इथे निवृत्त फौजी लोक पुष्कळ, त्यामुळे जुन्या वस्तूंची ओळख पटवायला माझ्याकडे माणसं येतात. समोरच्याची बर्मातली लढाई मी दोन मिनिटांत मुंबईच्या शूटिंगवर आणून सोडते आणि मला त्यात मजा येते, हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. माझा स्वभाव गोड नाही. तो का गोड राहिला नाही, तेच सांगायला बसले आहे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा दादा एका पोलिस लाइनीचं चामड्याचं काम करायचे. कुठली लाइन ते लिहीत नाही. शस्त्रागाराचा एक हवालदार होता, तो पट्टे आणि होल्स्टर मोजून द्यायचा, दादा दुरुस्त करून मोजून परत द्यायचे. कागद नाही, सही नाही. सगळा व्यवहार तोंडी. दादांना त्या कामाचा फार अभिमान होता. सरकारी माल म्हणून ते चपलांच्या ढिगापासून वेगळा, धुतलेल्या गोणपाटावर ठेवायचे, आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

त्यांची एक पद्धत होती. होल्स्टरच्या मागे पट्टा ओवायला चामड्याची एक दुमडलेली पट्टी असते. सगळ्यात आधी झिजते ती हीच. ती बदलली की दादा तिच्या आतल्या अंगावर त्या होल्स्टरचा नंबर पुन्हा ठोकायचे. खरा नंबर झाकणाच्या आत असायचा. झाकण कधी बदललं गेलं तर नंबर हरवू नये, एवढाच त्यामागचा विचार. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि पोलिसांतही कुणाला माहीत नव्हतं. नंबर ठोकायचे लोखंडी ठसे त्यांच्याकडे होते, पण त्यातला आठाचा ठसा तुटलेला. एका आकड्यासाठी पूर्ण संच कोण आणणार? म्हणून ते शून्याचा ठसा एकावर एक असा दोनदा ठोकायचे. त्यांचा आठ त्यामुळे बाकीच्या आकड्यांच्या वर डोकं काढून उभा असायचा. आई त्यावरून त्यांची थट्टा करायची. "तुमचा आठ लई शिकलेला दिसतोय," म्हणायची, आणि दादा हसायचे.

मग एक दिवस तपासणीत एक होल्स्टर कमी भरलं. नंबर अठ्ठ्याऐंशी.

हवालदार दोन शिपाई घेऊन भर दुपारी आमच्या घरी आला. मी दारातच खेळत होते. त्यांनी आईची ट्रंक उघडून लुगडी बाहेर फेकली, बाजरीच्या कोठीत हात घातले, दादांची पेटी रस्त्यावर पालथी केली. रापी, आऱ्या, ठसे, मेणाचे दोरे सगळे मातीत. गल्ली बघायला उभी. दादा एकच वाक्य म्हणत होते, "साहेब, मी तुमच्या हातात दिलंय. तुमच्याच हातात." हवालदाराने त्यांच्या कानाखाली मारली आणि त्यांना घेऊन गेला. दोन दिवस लाइनीच्या व्हरांड्यात बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. काही सापडलं नाही, गुन्हा नोंदला गेला नाही, सोडून दिलं. गुन्हाच नोंदला नाही, तर निर्दोष तरी कोण म्हणणार?

काम गेलं ते गेलंच, पण चोर हा शब्द घरी राहायला आला. आई ज्या घरांत भांड्याला जायची, त्यातल्या दोन घरांनी तिला उंबऱ्याबाहेर थांबवलं. शाळेत एकीची कंपासपेटी हरवली तेव्हा बाईंनी सगळ्यात आधी माझं दप्तर उघडलं. दादांनी पुन्हा कधी होल्स्टर हातात घेतलं नाही. चपला शिवायचे, मान खाली घालून. हवालदाराची बदली झाली आणि तो आमच्या दृष्टीने नाहीसा झाला. नेवाशाकडचा आहे, एवढंच कळलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिताना मला माझाच राग येतो. मी सोळा वर्षांची असताना, असंच कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून रडत घरी आले आणि दादांना विचारलं, "खरं सांगा, तुम्ही घेतलं होतं का?" त्यांनी हातातला टाका पूर्ण केला, दोरा तोडला, आरी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढे वीसेक वर्षांनी ते गेले. तो प्रश्न मी विचारला हे खरं, पण तो माझ्या तोंडात घातला त्या हवालदाराने. म्हणून त्या प्रश्नाचा रागही मी त्याच्याच नावावर जमा करत राहिले. तो भेटला तर काय करीन, याचे मनसुबे मी किती वर्षं रचले असतील. स्वयंपाक करताना, बस स्टँडवर, मुलीला झोपवताना.

गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एक पन्नाशीचे गृहस्थ दुकानात आले. नेवासा तालुक्यातले, सोनईच्या रस्त्यावरच्या एका गावचे. पांढरे कपडे, नम्र बोलणं. तिसगावचे एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे नेहमी येतात, त्यांनी माझा पत्ता दिला होता. गृहस्थांनी पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होल्स्टर काढलं.

"ताई, आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्माला होते. हे त्यांचं. गावात वाचनालयाशेजारी आम्ही आजोबांच्या नावाने एक खोली केलीय, फोटो, पदकं, काठी वगैरे. तिथे काचेच्या पेटीत हे ठेवायचंय. सुभेदार म्हणाले, तुमच्याकडून पाटी लिहून घ्या, म्हणजे कुणी शंका घेणार नाही."

"आजोबा फौजेत कोण होते?" मी विचारलं.

"शिपाई."

इथेच गोष्ट सैल झाली. साध्या शिपायाकडे रायफल असायची, कमरेला रिव्हॉल्वर साहेबाच्या. पण असं तोंडावर बोलून गिऱ्हाईक दुखवायचं नसतं. मी चष्मा लावला. रिव्हॉल्वरचा फुगवटा होता. बाणाचा शिक्का कुठेच नव्हता. झाकण उघडून आतली बाजू पाहिली तर तिथे चामडं पॉलिश पेपरने घासून पांढरट केलेलं. नंबर घालवायलाच कुणी एवढं घासतं. म्हणजे माल पोलिसांचा. मी होल्स्टर उलटं केलं. मागची पट्टी नंतर बदललेली होती, हाताच्या शिवणीची, आणि ती शिवण मला ओळखीची वाटली. मी अंगठ्याने पट्टीची दुमड उघडली.

चार शून्यं. दोन खाली, त्यांच्यावर दोन.

माणसाला अशा वेळी रडू येतं म्हणतात. मला आनंद झाला. पोटातून वर येणारा, दुष्ट, स्वच्छ आनंद. मी मान खाली घालून चष्मा पुसला, म्हणजे गृहस्थांना माझे डोळे दिसू नयेत.

"घरात पोलिसात कुणी होतं का?" मी विचारलं.

"वडील. हवालदार होते, शस्त्रागारात. आता पंच्याऐंशीचे आहेत, पाय गेलेत, बाकी तब्येत उत्तम. त्यांनीच आम्हाला लहानपणापासून आजोबांच्या ह्या होल्स्टरच्या गोष्टी सांगितल्या."

म्हणजे आधी चोरी, मग घरच्यांनी विचारलं की बापाची आठवण, आणि आता त्या आठवणीला स्वतंत्र खोली. मी म्हटलं, "पाटी मीच लिहून आणते. उद्घाटनाला येते आणि दोन शब्द बोलते पण." त्यांना फार बरं वाटलं. आबांना, म्हणजे वडिलांना, पुढच्या रांगेत बसवणार आहोत, म्हणाले.

दादांच्या प्रकरणानंतर आमच्या दुकानात एक रीत पडली आहे. वस्तू परत नेताना गिऱ्हाईकाची सही घ्यायची. वाटेल तो असो, सही केल्याशिवाय मी साधी चप्पलसुद्धा हातात देत नाही. मी वहीत लिहिलं, 'होल्स्टर, नंबर ८८, मागची पट्टी बदललेली, परत मिळालं.' गृहस्थांनी न वाचता, हसत सही केली. होल्स्टर मी एक दिवससुद्धा ठेवून घेतलं नाही. चांभाराच्या घरात राहिलं, असं म्हणायला कुणाला जागा नको होती.

आईला मी काही सांगितलं नाही. ती अठ्ठ्याहत्तरची आहे, डोळे अधू झालेत, पण अठ्ठ्याऐंशी हा आकडा कुठे ऐकला तर अजून मान फिरवते. आधी होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. पाटी लिहायला मला आठ दिवस लागले. पहिल्या मजकुरात शिव्या होत्या. दुसऱ्यात फार रडगाणं होतं. शेवटी होल्स्टरवर जे दिसतं तेवढंच लिहिलं आणि त्याला चिकटलेली दोन-चार वाक्यं.

उद्घाटन सकाळी होतं. वाचनालयापुढे मांडव, पन्नास-साठ माणसं, पुढे खुर्चीत शाल पांघरलेला म्हातारा. मी त्याला लगेच ओळखलं. नाक तेच, जबडा तोच. त्याने मला ओळखायचं कारण नव्हतं, त्याच्या लेखी मी दारात खेळणारं कुणाचं तरी पोर. मी मुद्दाम जवळ जाऊन विचारलं, "आबा, ऐकू येतं ना नीट?" तो म्हणाला, "कान अजून तरन्या पोराचं हायेत." बरं वाटलं. याचीच मला काळजी होती.

प्रमुख पाहुणे म्हणून तिसगावचे सुभेदार आले होते. फीत कापली, भाषणं झाली, मग गृहस्थांनी माइक माझ्या हातात दिला. मी पाटी उघडली आणि वाचली.

"हे होल्स्टर बर्मातलं नाही. हे पोलिसांचं आहे, नंबर अठ्ठ्याऐंशी. झाकणाच्या आतला नंबर घासून काढलेला आहे, मागच्या पट्टीतला शाबूत आहे. ती पट्टी माझ्या वडिलांनी शिवली. ते चांभार होते. त्यांनी हे दुरुस्त करून शस्त्रागाराच्या हवालदाराच्या हातात परत दिलं. हवालदाराने ते घरी आणलं आणि माझ्या वडिलांना चोर ठरवलं."

मांडवात एकदम कुजबुज सुरू झाली. गृहस्थ माझ्याकडे धावत आले, माइक काढून घेतला. "ताई, हे काय? याला पुरावा काय?" मी वही पुढे केली. "नंबर तुम्हीच सही करून मान्य केलाय. ठसा बघायचा असेल तर मागची दुमड उघडा." सुभेदारांनी त्यांच्या आधी होल्स्टर उचललं, दुमड उघडली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि होकाराची मान हलवली.

म्हाताऱ्याने हात वर केला. मुलाला वाटलं, आबा नाकारणार. सगळ्यांनाच वाटलं.

"तू त्याची पोरगी व्हय?" तो मला म्हणाला.

"व्हय."

"त्यानं आनून दिलं हुतं. माज्या हातात." आवाजात भीती नव्हती, म्हाताऱ्या माणसाचा कंटाळा होता. "माज्या बापाकडं लायसनचं रिवालवर हुतं, कव्हर न्हवतं. तुज्या बापानं ते इतकं झ्याक केलं हुतं, की पुन्हा त्या ढिगात टाकू वाटंना. बाकीच्या कुनाचंच तसं न्हाई झालं कदी."

मला वाटलं होतं, हे ऐकून माझा जीव शांत होईल. उलट पेट घेतला. दादांच्या कामाची अशी स्तुती त्यांच्या कानावर आयुष्यात पडली नव्हती, आणि ती ज्याच्या पोटात होती त्याने ती दाबून ठेवून त्यांच्या कानाखाली मारली होती. त्यांनी काम वाईट केलं असतं तर आमचं घर वाचलं असतं.

"मग नाव घ्यायला दुसरा कोन न्हवता का?" मी विचारलं. मांडवात बोलताना माझी भाषा आपोआप घरची झाली होती.

"तपासनी आली. कुनाचं तरी सांगायला लागतं. तुमचं कोन इचारनार हुतं?" मग त्याला बहुधा लोकांचे चेहरे दिसले. शालीत हात ओढून घेत म्हणाला, "आता ह्या वयात कशाला काढलंस बाई? मेल्यावर लावायची हुती पाटी."

त्याचा मुलगा एव्हाना रडकुंडीला आला होता. त्याचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं, पण मला त्याची दया आली नाही. त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही हे घेऊन जा. तुमच्या वडिलांची आठवण म्हणून ठेवा. पाटी तेवढी लावू नका. आबांचे किती दिवस राहिलेत?"

"आमच्यात दुसऱ्याची वस्तू घरी ठेवत नाहीत," मी म्हटलं. "आणि ते माझं नाही, सरकारचं आहे. पाटी लावा."

"आबा रोज वाचनालयात येतात, आता इथेच बसणार, ताई. खास त्यांच्यासाठी खोलीला उतार केलाय, चाकाची खुर्ची यावी म्हणून."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं, "पण फार चांगलं केलंत."

पाटी सुभेदारांनीच पेटीत ठेवली. "पोलिसांना कळवावं लागेल," ते मुलाला म्हणाले. "ते येऊन घेऊन जातील तोवर राहू दे. आणि मग नुसती पाटी राहू दे. लिहिलंय ते खरं आहे." काच लागली. मी जेवायला थांबले नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि घोडेगाव येईपर्यंत वहीतली ती सही पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले.

घरी पोचले तेव्हा आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. चार शून्यं सांगितली, सही सांगितली, तो काय बोलला ते शब्दन् शब्द सांगितलं. ऐकता ऐकता ती शेंगा फोडायची थांबली. माझं सांगून झाल्यावर तिने सुपातली टरफलं बाजूला केली.

"त्याला समदं ऐकू आलं?" तिने विचारलं.

"आलं. कान चांगले हायेत त्याचे."

"अन् डोळे?"

"डोळे बी चांगले. पाटी वाचत हुता बसल्या जागंवरनं."

"रोज येतो म्हनतीस तिथं?"

"रोज."

आईने हात जोडले. कपाळाला लावले. देवापुढे बसतानाही ती एवढं मन लावून हात जोडत नाही.

"देवा, त्याला शंभर वर्सं जगू दे," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.